खान अब्दुल गफार खान : सरहद्दीवरील खुदाई खिदमतगार

मार्च २००१ मध्ये बामियानच्या दोन विशाल बुद्धमूर्ती तालिबानने सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या, तेव्हा आमच्या विद्यालयात सायंकाळच्या वंदनेनंतर मुले स्तब्ध उभी राहिली होती. ज्या मूर्तींचे वर्णन चिनी भिक्षू ह्युएनत्संगाने करून ठेवले आहे, त्या आता नाहीत, हे लहान मुलांना समजावून सांगणे कठीण गेले. ते दुःख खरे होते. परंतु त्याच आठवड्यात वसतिगृहाच्या व्हरांड्यात जे बोलले जाऊ लागले ते आठवले, म्हणजे आजही आमची मान खाली जाते. हे लोक असेच, हिंसा यांच्या रक्तातच, असे मुले बोलू लागली आणि आम्हा मोठ्यांपैकी कोणी त्यांना अडवले नाही. विद्यालयाचे गणवेश अनेक वर्षे तालुक्याच्या गावचे एक मुसलमान शिंपी शिवून देत असत. पुढील वर्षीचे काम दुसऱ्या कोणास द्यावे, अशी सूचना एका बैठकीत आली. सूचना करणाऱ्याने कारण सांगितले नाही आणि ते कोणी विचारलेही नाही. ती सूचना बारगळली खरी, पण आमच्या शहाणपणामुळे नव्हे. दुसरा शिंपी अधिक पैसे मागत होता म्हणून.

त्या दिवसांत एका ज्येष्ठ शिक्षकांनी रात्रीच्या अभ्यासानंतर सलग चार दिवस मुलांना एका पठाणाचे चरित्र सांगितले. आम्हीही मागे बसून ऐकले. या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा आम्हांस तीच चार रात्रींची कथा प्रथम आठवली. तिचे नायक खान अब्दुल गफार खान. त्यांचे लोक त्यांना बादशहा खान म्हणत. हिंदुस्थान त्यांना सरहद्द गांधी म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म १८९० साली पेशावर जिल्ह्यातील उतमानझई या गावी झाला. वडील बेहराम खान हे गावचे प्रतिष्ठित जमीनदार. हे गाव चारसद्द्याच्या लगत आहे, आणि चारसद्दा म्हणजे प्राचीन पुष्कलावती. पेशावर म्हणजे पुरुषपूर, कनिष्काची राजधानी. तेथील मोठ्या स्तूपाच्या उत्खननात धातुकरंडक सापडला, तेव्हा गफार खान अठरा-एकोणीस वर्षांचे होते. मर्दानजवळ तख्त-इ-बाही येथे डोंगरावर विहाराचे अवशेष आजही उभे आहेत. गांधार शिल्पातील ज्या शांत मुद्रा आपण पुस्तकांतून पाहतो, त्या याच मातीत घडल्या. म्हणून या चरित्राकडे परक्या मुलुखातील चरित्र म्हणून पाहणे आम्हांस जमले नाही.

इंग्रजी राजवटीच्या लेखी मात्र या मातीतील माणूस निराळाच होता. सरहद्दीवर नोकरी केलेल्या अधिकाऱ्यांनी आपल्या अहवालांत आणि आठवणींत पठाणाचे एक ठरावीक चित्र रंगविले होते: क्रूर, विश्वासघातकी, सूडासाठी पिढ्यान्‌पिढ्या टपून बसणारा, धर्मवेडा. या चित्रावर कायदेही उभे राहिले. १९०१ च्या सरहद्द गुन्हे नियमावलीखाली एकाच्या अपराधासाठी साऱ्या जमातीस शिक्षा करता येई आणि अधिकाऱ्याने नेमलेल्या जिर्ग्याच्या निर्णयावर न्यायालयात दाद मागता येत नसे. पुढे सरहद्दीवरील टोळ्यांच्या प्रदेशात ही नियमावली २०१८ पर्यंत चालू होती. हे वाचताना आमच्यापैकी कित्येकांना १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवेल. पारधी किंवा कैकाडी घरात जन्मास आलेले मूल पाळण्यातच गुन्हेगार ठरविणारा तो कायदा आणि सरहद्दीची ती नियमावली ही एकाच बुद्धीची अपत्ये होत. आमच्या वसतिगृहातील काही मुलांच्या आजोबांनी सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहत पाहिलेली आहे. जन्मावरून माणसाचा स्वभाव ठरविणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. मग तीच मुले व्हरांड्यात तसे का बोलली, हा प्रश्न आम्हांस आजही छळतो.

पठाणाचे ते चित्र इंग्रजांपुरतेच राहिले असेही नाही. मुंबईच्या गिरणगावात चढ्या व्याजाने पैसे देणारा पठाण सावकार होता. महिन्याच्या पगाराच्या दिवशी तो गिरणीच्या दाराशी उभा राही आणि चाळीतली मुले त्याच्या नावाने भिऊन गप्प बसत. असे सावकार होते, त्यांच्या काठीचे वळ खरे होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मारवाडी, मुलतानी आणि आपल्याच गावचे सावकारही होते. त्यांच्या लोभावरून आपण त्यांच्या साऱ्या धर्मबांधवांचे रक्त तपासले नाही.

गफार खानांचे शिक्षण पेशावरच्या मिशन शाळेत झाले. मुल्लांचा इंग्रजी शाळांना कडवा विरोध होता आणि बेहराम खानांनी तो मानला नाही. वडील बंधू डॉक्टरीच्या शिक्षणासाठी विलायतेस गेले; तेच पुढे डॉ. खान साहेब म्हणून प्रसिद्धीस आले. धिप्पाड, सहा फुटांहून उंच अशा धाकट्यास सैन्यातील नामांकित गाइड्स पलटणीत अधिकारपद मिळण्याची संधी चालून आली होती. पण एका पठाण अधिकाऱ्याचा इंग्रज अधिकाऱ्याने क्षुल्लक कारणावरून केलेला अपमान त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्या नोकरीचा नाद सोडला. विलायतेस जाण्याचा बेतही होता. एक मुलगा दूर गेलेला, दुसराही जाऊ नये म्हणून आई अडून बसली. त्यांनी तिचे ऐकले.

मग त्यांनी शाळा काढली. १९१० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, उतमानझईत. त्या वेळी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत होते आणि सरहद्दीवर त्यांचे नावही कोणास फारसे ठाऊक नव्हते. हा तपशील आम्ही मुद्दाम नोंदवीत आहोत. सरहद्द गांधी ही उपाधी प्रेमाने दिलेली असली, तरी तीत एक सूक्ष्म अन्याय आहे असे आमचे मत आहे. मुसलमानाची अहिंसा स्वतःची कशी असेल, ती कोणाकडून तरी उसनी घेतलेलीच असणार, असा तीत ध्वनी उमटतो. गांधीजींविषयी गफार खानांची भक्ती अपार होती, हे खरे. पण आपली अहिंसा त्यांनी सब्र या इस्लामी गुणातून, मक्केत छळ सोसणाऱ्या पैगंबरांच्या चरित्रातून उभी केली आणि हे ते आयुष्यभर सांगत राहिले. ते पाच वेळा नमाज पढणारे, निष्ठावंत मुसलमान होते. त्यांना चांगले ठरविण्यासाठी त्यांचे मुसलमानपण कमी करण्याची गरज नाही.

गावोगावी पायी हिंडून त्यांनी शाळांची आणखी रोपे लावली. सरकारने त्या संशयाने पाहिल्या. मुल्लांनी त्या पाखंड म्हणून झिडकारल्या. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांची पत्नी गेली. दोन लहान मुलगे मागे राहिले. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध सभा घेतल्याबद्दल त्यांना अटक झाली, तेव्हा तुरुंगात त्यांच्या पायांच्या मापाच्या बेड्या नव्हत्या. लहान बेड्या ठोकून बसविल्या गेल्या आणि घोटे रक्तबंबाळ झाले. १९२१ साली उतमानझईत त्यांनी आझाद हायस्कूल सुरू केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तीन वर्षांची सक्तमजुरी पदरी आली. एकांतकोठडी, जात्यावर धान्य दळणे, अंगावर अपुरे कपडे. शाळा काढणे हाच एवढा मोठा अपराध कसा, असे कोणी विचारील. निवासी विद्यालय चालविणाऱ्यांना याचे उत्तर ठाऊक आहे: लिहू-वाचू लागलेला माणूस आपल्याविषयी लिहिलेलेही वाचू लागतो.

१९२८ पासून त्यांनी पश्तू भाषेत ‘पख्तून’ हे मासिक चालविले. त्यात स्त्रियांचे लेख असत, आणि पडदा व स्त्रीशिक्षण यांवर मोकळी चर्चा असे. पुढील वर्षी, नोव्हेंबर १९२९ मध्ये, खुदाई खिदमतगार, म्हणजे ईश्वराचे सेवक, ही संघटना जन्मास आली. ईश्वराला सेवेची गरज नाही, म्हणून त्याच्या लेकरांची सेवा हीच त्याची सेवा, हा तिचा अर्थ. प्रत्येक सभासद शपथ घेई: हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, अत्याचार करणाऱ्यास क्षमा करीन, भांडणतंट्यापासून दूर राहीन, रोज किमान दोन तास समाजसेवा करीन. ज्या मुलुखात पिढीजात वैर हा कुटुंबाच्या इभ्रतीचा भाग होता, तेथील माणसांनी ही शपथ घेतली! हिंदू आणि शीख यांनाही संघटनेचे दार उघडे होते. पांढरे कपडे लवकर मळतात, म्हणून स्वयंसेवकांनी ते स्थानिक रंगात बुडवून विटकरी लाल केले. गरिबांनी सोयीसाठी निवडलेल्या या रंगावरून सरकारने निष्कर्ष काढला की, हे रशियाचे हस्तक असले पाहिजेत.

आता आम्ही २३ एप्रिल १९३० या दिवसापाशी येतो. मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत पेशावरकडे निघालेल्या गफार खानांना वाटेतच पकडण्यात आले. शहरातील पुढाऱ्यांच्या अटकेची वार्ता पसरताच किस्साखानी बाजारात लोक जमले. किस्साखानी म्हणजे गोष्टी सांगणाऱ्यांचा बाजार. दूरदेशीचे व्यापारी पूर्वी तेथे चहा पीत कथा सांगत बसत. चिलखती गाड्या गर्दीत घुसल्या आणि माणसे चिरडली गेली. संतापाच्या भरात एक गाडी जाळण्यात आली व एक शिपाई मारला गेला, हेही सांगितले पाहिजे. पण त्यानंतर गोळीबार सुरू झाला, तेव्हा निःशस्त्र माणसे जागची हलली नाहीत. पुढचे पडले की मागचे पुढे येत. काही तास हे चालले होते. सरकारने मृतांचा आकडा तीसच्या आसपास सांगितला. विठ्ठलभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसच्या चौकशी समितीने तो सव्वाशेच्या घरात नेला. तिचा अहवाल सरकारने जप्त केला.

त्याच दिवसांत पेशावरात आणखी एक घटना घडली, जी आमच्या मते भारताच्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे. गढवाल रायफल्सच्या दोन तुकड्यांनी या निःशस्त्र लोकांवर शस्त्र उचलण्याचे नाकारले. त्यांचे नेतृत्व हवालदार चंद्रसिंग गढवाली यांनी केले. ते सैनिक हिंदू होते. समोरचे लोक मुसलमान. हिंदू सैनिक मुसलमानांवर बिनदिक्कत गोळ्या झाडतील, या हिशेबानेच त्यांना तेथे आणले होते. लष्करी न्यायालयाने चंद्रसिंगांना जन्मठेप दिली. इतरांनाही दीर्घ शिक्षा झाल्या.

त्यानंतर सरहद्दीवरील गावांना वेढे पडले. खुदाई खिदमतगारांची कचेरी जाळण्यात आली. स्वयंसेवकांना विवस्त्र करून मारले, गोठलेल्या पाण्यात ढकलले, त्यांचे धान्याचे साठे नासविले. ज्या पठाणाच्या घरात बंदूक नसेल असे घर विरळा, त्याने बंदूक उचलली नाही. आणि काही हजारांची ती संघटना लाखाच्या घरात गेली.

एवढ्या उघड पुराव्यानंतर तरी ते जुने चित्र पुसले जावयास हवे होते. तसे झाले नाही. पठाण शांत आहे याचा अर्थ तो काही कट रचीत आहे, असे सरकारी कागद म्हणू लागले. कोणी म्हणाले, हे बोल्शेविकांचे. कोणी म्हणाले, हा हिंदूंचा डाव. आमच्याकडील काही हिंदूंच्या मनात निराळेच भय होते: अफगाणिस्तानचा अमीर चालून येईल आणि येथील मुसलमान त्याला सामील होतील, ही भीती त्या पिढीत पुष्कळांनी बाळगली होती. दुसरीकडे मुस्लिम लीगचे लोक गफार खानांना हिंदूंचे हस्तक म्हणत. पूर्वग्रहाची रीतच अशी आहे. त्याच्याविरुद्धचा साक्षीदार समोर उभा राहिला, तर तो साक्ष ऐकत नाही. एक तर साक्षीदाराला ढोंगी ठरवितो, नाही तर त्याला अपवाद म्हणून हार घालतो आणि बाकीच्यांविषयीचे आपले मत जसेच्या तसे ठेवतो. गफार खानांना पहिला अनुभव इंग्रजांकडून आला. दुसरा आपल्याकडून आला.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध याच काळातला. १९३४ च्या ऑगस्टमध्ये सुटका झाली, पण सरहद्द प्रांत आणि पंजाब यांत पाऊल ठेवण्यास बंदी होती. तेव्हा ते वर्ध्यास जमनालाल बजाज यांच्याकडे आले. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना देऊ केले गेले. आपण साधे सेवक आहोत म्हणून त्यांनी ते स्वीकारले नाही. ऑक्टोबरात मुंबईत ख्रिस्ती बांधवांच्या एका सभेत त्यांनी सरहद्दीवरील दडपशाहीची हकीकत सांगितली. ते भाषण राजद्रोह ठरले. डिसेंबरात वर्ध्यास अटक झाली आणि मुंबईच्या न्यायालयाने दोन वर्षांची सक्तमजुरी दिली. महादेवभाई देसाई यांनी १९३५ साली या दोन्ही बंधूंवर एक छोटे इंग्रजी पुस्तक लिहून त्यांची खरी ओळख देशास करून दिली. शिक्षा भोगून ते पुन्हा वर्ध्यास परतले, आणि १९३७ मध्ये बंदी उठल्यावर स्वप्रांती गेले. तोपर्यंत तेथील निवडणुकीनंतर घडामोडी होऊन डॉ. खान साहेब मुख्यमंत्रिपदाच्या उंबरठ्यावर आले होते.

अहिंसेची खरी परीक्षा १९४० साली झाली. स्वातंत्र्याच्या अटीवर महायुद्धात इंग्रजांना साह्य करण्याची तयारी काँग्रेसने दाखविली, तेव्हा कार्यकारिणीचा राजीनामा देऊन बाहेर पडले ते गफार खान. ज्याच्या रक्तात हिंसा आहे असे पुस्तके सांगत होती, तो आपल्या शपथेपाशी थांबला. १९४२ च्या लढ्यात लाठीमारात त्यांच्या बरगड्या मोडल्या.

मार्च १९४७ मध्ये ते गांधीजींबरोबर बिहारच्या दंगलग्रस्त गावांतून हिंडत होते. तेथे मारले गेलेले बहुतांश मुसलमान होते. इकडे त्यांच्या स्वतःच्या प्रांतात हिंदू व शीख संकटात सापडले, तेव्हा खुदाई खिदमतगार त्यांच्या रक्षणास उभे राहिले. फाळणी काँग्रेसने मान्य केली, ती त्यांच्या विरोधास न जुमानता. ज्यांच्यासाठी आपण सर्व काही सोसले त्यांनीच आपल्याला लांडग्यांच्या स्वाधीन केले, ही वेदना त्यांनी कधी लपविली नाही. आम्हांस वाटते, आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासातील हे पान आपण फार घाईने उलटतो. सार्वमतावर त्यांच्या पक्षाने बहिष्कार टाकला. नव्या राष्ट्राशी निष्ठेची शपथ त्यांनी फेब्रुवारी १९४८ मध्ये घेतली. जूनमध्ये ते तुरुंगात होते. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्याजवळ बाबड्यात त्यांच्या निःशस्त्र अनुयायांवर गोळीबार झाला; या वेळी मारणारे आणि मरणारे दोघेही मुसलमान होते. आयुष्याचा जवळपास तिसरा हिस्सा त्यांनी तुरुंगात काढला आणि त्यातील मोठा भाग स्वतंत्र पाकिस्तानात.

१९६९ साली गांधी जन्मशताब्दीसाठी ते भारतात आले. त्या वेळी ते अफगाणिस्तानात राहत होते. विमानातून उतरलेल्या जवळपास ऐंशी वर्षांच्या या वृद्धाच्या काखेत कपड्यांचे एक गाठोडे होते आणि स्वागतास आलेल्या मान्यवरांच्या हाती ते देण्यास त्यांनी नकार दिला. देश सोहळ्यात रमला होता. पण थोड्याच दिवसांपूर्वी, सप्टेंबरात, गांधीजींच्याच अहमदाबादेत दंगल उसळून शेकडो माणसे मारली गेली होती. त्यात बहुसंख्य मुसलमान होते. गफार खानांनी तीन दिवस उपवास केला. मग ते अहमदाबादेस गेले आणि उद्ध्वस्त वस्त्यांतून फिरले. संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांसमोर बोलतानाही त्यांनी गोड शब्द वापरले नाहीत. तुम्ही गांधींना विसरलात, असे त्यांनी तोंडावर सुनावले. सदस्यांनी टाळ्या वाजविल्या. त्यांना हार मिळाले, पुरस्कार मिळाला, रस्त्यांना त्यांचे नाव मिळाले. त्यांच्याच धर्माच्या माणसाला मात्र चांगल्या वस्तीत भाड्याने खोली मिळेना, आणि ही स्थिती आजही पुष्कळ शहरांत तशीच आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने पुण्यात आपल्या मुसलमान सहकाऱ्यासाठी घर शोधताना सात दारांवर नकार ऐकला. त्यातील दोन घरमालक आपलेच धम्मबांधव होते, हे त्याने आम्हांस संकोचाने सांगितले.

१९८७ साली भारताने त्यांना भारतरत्न दिले. भारताचे नागरिक नसलेल्या व्यक्तीस हा सन्मान प्रथमच मिळाला. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावर येथे त्यांचे निधन झाले. आपला देह जलालाबादला, अफगाण भूमीत, ठेवावा अशी त्यांची इच्छा होती. त्या वेळी अफगाणिस्तानात रशियन फौजा आणि मुजाहिदीन यांचे युद्ध पेटलेले होते. त्यांच्या अंत्ययात्रेसाठी तोफा थांबल्या. हजारो माणसे आणि वाहनांची रांग खैबर खिंडीतून सीमा ओलांडून गेली, आणि त्या दिवशी सीमेवर कोणी कोणास कागदपत्रे विचारली नाहीत. दफन होत असता जवळच स्फोट झाले आणि यात्रेस आलेली पंधराएक माणसे मरण पावली. लोकांनी विधी पूर्ण केला. जलालाबादेत ते ज्या घरी राहत असत, त्याच्याच आवारात त्यांची कबर आहे. तेथून थोड्याच अंतरावर हड्डा हे गांधार शिल्पांचे प्रसिद्ध बौद्ध क्षेत्र आहे. त्याच युद्धात त्याचीही धूळधाण झाली.